माळावर कॅमेरा घेऊन निघण्याआधी: मराठवाड्यातल्या नवख्या वन्यजीव छायाचित्रकारांसाठी

बीड जिल्ह्यात माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो हे पोटापाण्याचं काम. अकरा वर्षांपूर्वी एका लग्नाहून पहाटे परत येताना बालाघाटाच्या उतारावर, रस्त्यापासून शंभरेक पावलांवर लांडग्यांची जोडी उभी दिसली. बॅगेतून कॅमेरा काढेपर्यंत दोघं तरवडाच्या झुडपांमागे गेली. तेव्हापासून ज्या दिवशी लग्नतिथी नसते, त्या दिवशी मी माळावर असतो.

आता तालुक्यातली पोरं स्टुडिओत येऊन विचारतात, "दादा, लांडग्यासाठी कोणती लेन्स घेऊ?" लेन्सचं मी खाली सांगितलंच आहे. पण त्याआधी तुमच्या गायरानात कोण चरायला येतं, ती जमीन कुणाच्या नावावर आहे आणि फोटो काढल्यावर त्याचं काय करणार, हे तीन प्रश्न सुटायला हवेत. मला ते फार उशिरा सुटले. त्या उशिराची किंमत एका खोकडाच्या कुटुंबाने मोजली. ती हकिगत सातव्या पायरीत आहे.

१. ताडोबा राहू द्या, घराजवळचा माळ निवडा

मराठवाड्यात जंगल नाही, असं आपणच म्हणतो. कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांचा माळ, मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ आणि खाली ओघळ. इतकं असलं की लांडगा, खोकड, तरस, चिंकारा, काळवीट, सायाळ, रानमांजर, घोरपड या सगळ्यांना ते घर म्हणून पुरतं. यांतल्या बऱ्याच जणांना दाट झाडी नकोच असते. दूरवर दिसायला हवं, पळायला मोकळं हवं.

नकाशा उघडा आणि घरापासून वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतली एक जागा ठरवा. वर्षभर तिथेच जा. दहा ठिकाणी एकेकदा जाऊन फोटो मिळतात, पण जनावर कळत नाही. एकाच माळावर चाळीस वेळा गेलात की कोणत्या ओघळीतून खोकड वर येतं, काळवीट नर कुठे उभा राहतो, दुपारी कोणत्या बाभळीखाली ससा बसतो, हे पाठ होतं.

अभयारण्यंही आपल्याकडे आहेत. पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी पक्षी अभयारण्य, १९८६ चं आणि सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचं. कन्नडजवळचं गौताळा औट्रमघाटही १९८६ चंच, सुमारे २६० चौरस किलोमीटर, आणि पितळखोऱ्याची लेणी त्याच डोंगरात आहेत. पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य १९९४ चं, तर धाराशिवजवळचं येडशी रामलिंग घाट १९९७ चं. किनवटच्या बाजूला पैनगंगा अभयारण्य नांदेड आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांत पसरलं आहे. संभाजीनगर शहरात राहत असाल तर सलीम अली सरोवर आणि हिमायत बाग इथे हात बसवून घ्या. पहिले तीन महिने तेवढं पुष्कळ आहे.

आपला मुलूख मोकळा आहे म्हणून कुणी तिथून जात-येत नाही, असं समजू नका. २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ यवतमाळच्या टिपेश्वरहून निघाला आणि नांदेड, हिंगोलीची शिवारं ओलांडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. मार्च २०२१ मध्ये गौताळ्यात आणि डिसेंबर २०२४ मध्ये येडशीला कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात, वाघ आला. हे वाघ कापसातून, तुरीतून, पांदणीतून आणि आपण ज्याला 'पडीक' म्हणतो त्या तुकड्यांतून चालत आले होते.

२. जमीन कुणाची, ते आधी पाहा

नवखे लोक इथेच अडकतात. मोकळं रान दिसलं की ते सरकारी असेल असं धरून चालतात. तो माळ चारपैकी एक असतो: गायरान, वनविभागाची जमीन, खाजगी मालकीचा किंवा देवस्थानाचा. गट नंबर काढा, महाभूलेखवर सातबारा पाहा, शंका राहिली तर तलाठ्याकडे गावनकाशा बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

खाजगी रान असेल तर मालकाला भेटा, "राम राम" करा, कशासाठी आलोय ते सांगा. पीक उभं असताना बांधाच्या आत पाय टाकू नका. वनविभागाची जमीन असेल तर ती अभयारण्य नसली तरी वनरक्षकाला कळवल्याशिवाय जाऊ नका. पहाटेच्या अंधारात बॅग घेऊन फिरणाऱ्या अनोळखी माणसाला शिकारी समजलं जातं, आणि ते बरोबरच आहे. तशी शंका घेणारा वनरक्षक आपल्याला हवाच आहे.

३. परवानगी आणि कागदपत्रं

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे अभयारण्यात शिरायला परवाना लागतो, आणि छायाचित्रण हे परवाना देण्याच्या कारणांपैकी एक आहे. जिथे पर्यटकांसाठी फाटक आहे, तिथे तिकीट आणि कॅमेऱ्याची पावती घेऊन काम भागतं. पर्यटनाच्या भागाबाहेर जायचं असेल, लपण उभारून बसायचं असेल किंवा चित्रफीत काढायची असेल तर वन्यजीव विभागाकडे लेखी अर्ज करावा लागतो.

वनखात्याची उतरंड लक्षात ठेवा. बीट सांभाळतो तो वनरक्षक, त्याच्या वर वनपाल, त्याच्या वर वनपरिक्षेत्र अधिकारी, ज्यांना सगळे 'रेंजर साहेब' म्हणतात. नवख्याने सुरुवात रेंज ऑफिसपासून करावी. तुमचा अर्ज पुढे कुठे जायचा, हे तिथेच कळतं.

सोबत एवढं न्या:

- साध्या कागदावर अर्ज: कुठे, कोणत्या तारखांना, किती माणसं, कशासाठी
- आधार कार्डाची झेरॉक्स, सोबतच्या प्रत्येकाची
- कॅमेरा आणि लेन्सचं नाव, त्यांवरचे क्रमांक
- गाडीचा नंबर, आरसी आणि लायसन्सची झेरॉक्स
- आधी काढलेले दोन-चार फोटो. हे कुणी मागत नाही, पण दाखवले तर बोलणं सोपं होतं

ड्रोन घरी ठेवा. अभयारण्यावर ते परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि बाहेरही जमिनीवर अंडी घालणारे पक्षी त्याला शिकरा समजून घरटं सोडून उठतात. वैशाखातल्या उन्हात अंडी पंधरा मिनिटं उघडी पडली तरी आतला जीव वाचेलच असं नाही.

पहिला परवाना मागायला मी गेलो तेव्हा तीन खेपा घातल्या, कारण अर्जात तारखाच लिहिल्या नव्हत्या. तुम्ही लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

४. सामान

कॅमेरा वापरलेला घेतला तरी चालतो. डीएसएलआर आणि ७०-३०० ची लेन्स ही सुरुवातीची जोडी हरणं आणि मोठ्या पक्ष्यांना पुरते. पुढे जमलं तर ६०० पर्यंत जाणारी झूम घ्या. जुनी लेन्स घेताना ती उजेडासमोर धरून आत बुरशीचे धागे आहेत का बघा, आणि कॅमेऱ्याने आतापर्यंत किती क्लिक मारलेत ते विचारा.

तिपाईपेक्षा उशी बरी. जुन्या जीन्सच्या पायाचा तुकडा दोन्हीकडून शिवा, आत ज्वारी भरा. दगडावर, गाडीच्या खिडकीवर, बांधावर ती हवी तशी बसते आणि लेन्स हलत नाही.

बाकी: दुर्बीण (आठ बाय बेचाळीस), दोन लिटर पाणी, टोपी, मातीच्या रंगाचे कपडे, घोट्यावर येणारे बूट, विजेरी, ब्लोअर आणि मऊ ब्रश. मोजे लोकरी नकोत. कार्तिकात कुसळं अशी घुसतात की बसून काढण्यातच सकाळ जाते. मुरमाड माळावर दगडांखाली फुरसं असतं आणि त्याच्या रंगावरून ते ओळखू येत नाही, म्हणून दगड हाताने उचलू नका, बसायच्या आधी जागा बघा. जवळच्या ज्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस असते, त्याचं नाव आधी विचारून ठेवा. १०८ नंबर सगळ्यांना माहीत असतो, पण माळावर बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. घरी निघताना कुठे जातोय ते सांगून जा.

पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानात मोटारसायकल घालू नका. मडगार्डात माती अडकून चाकच फिरत नाही.

५. मेंढपाळांशी ओळख करा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा.

लांडगा माळावर टिकून आहे तो मेंढरांच्या वाड्यांच्या, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या मुक्कामांच्या सोबतीने. वाडा जिकडे सरकतो तिकडे तो जातो. म्हणून लांडगा कुठे आहे हे वनखात्याआधी, आपल्याआधी, मेंढपाळाला माहीत असतं. रात्री कुत्री कोणत्या दिशेला भुंकली, कोणत्या लवणात पाणी आहे, कोणती मादी या वर्षी जड आहे, हे तो बोलता बोलता सांगतो. पण पहिल्या भेटीत नाही. पहिल्या भेटीत तो एवढंच बघतो, की हा माणूस आपली तक्रार करायला तर आला नाही ना.

वाड्याकडे जाताना दुरूनच आवाज द्या. राखणीची कुत्री अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाहीत आणि ती चावतात. मालकाने हाक मारली की मगच पुढे व्हा. वयाने मोठा असेल तर मामा म्हणा, आजीबाई असेल तर आजी. चहा दिला तर घ्या, आणि पुढच्या खेपेला चहापत्ती-साखर घेऊन जा. कॅमेरा पहिल्या दिवशी बॅगेतच राहू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत त्यांच्या घरच्यांचे फोटो काढा आणि प्रिंट करून आणून द्या. मोबाइलवर पाठवलेला फोटो हरवतो. चार बाय सहाचा प्रिंट बिऱ्हाडाच्या पेटीत राहतो. माझ्या ओळखीच्या एका मामांकडे नऊ वर्षांपूर्वीचा प्रिंट अजून आहे.

लांडग्याने कोकरू नेलं तर ते नुकसान त्यांचं असतं, आपलं नसतं. आपल्याला फोटो मिळतो आणि त्यांचं उत्पन्न जातं. ही गोष्ट मनात ठेवूनच त्यांच्याशी बोला. शासनाकडून अशा नुकसानीची भरपाई मिळते, पण फिरतीवर असलेल्या कुटुंबाला अर्ज कुठे करायचा, कुणाला सांगायचं हे माहीत नसतं. इथे तुमचा कॅमेरा खरोखर उपयोगी पडतो:

- मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका. पंचनामा होईपर्यंत ते तिथेच राहायला हवं.
- चारी बाजूंनी फोटो काढा: गळ्यावरच्या जखमा, भोवतालचे ठसे, दूरचं दृश्य. ठशाशेजारी काडेपेटी ठेवा, म्हणजे आकार कळतो.
- ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवा. 'हॅलो फॉरेस्ट'चा नंबर १९२६ आहे.
- मालकाच्या आधार कार्डाची आणि बँक पासबुकाची झेरॉक्स तयार ठेवायला सांगा. नसेल तर तालुक्याला जाऊन तुम्ही काढून आणा.

एक दावा मंजूर झाला की त्या वाड्यावर विषाची गोष्ट निघणं थांबतं. मेलेल्या मेंढरावर विष टाकलं की लांडग्यासोबत खोकड, कोल्हा, तरस, कावळे सगळेच मरतात. त्यापेक्षा झेरॉक्सचे चार रुपये फार स्वस्त आहेत.

६. कोणत्या महिन्यात काय, आणि जवळ कसं जायचं

भोवत्या हे शिकारी पक्षी ऑक्टोबरच्या सुमारास उत्तरेकडून येतात आणि मार्चपर्यंत राहतात. माळावर अगदी खालून, गवताला घासून उडतात, नाकतोडे खातात आणि रात्री उंच गवतात जमिनीवरच एकत्र झोपतात. ती झोपायची जागा सापडली तर सूर्यास्तानंतर तिच्यात शिरू नका. डिसेंबर ते फेब्रुवारीत नाथसागर, माजलगाव, येलदरी, विष्णुपुरी अशा जलाशयांवर पट्टकादंब, चक्रवाक आणि इतर बदकं असतात. नाथसागरावर रोहितही येतात. याच थंडीत लांडग्यांची पिल्लं ढोलीत, म्हणजे जमिनीतल्या बिळात असतात, आणि त्यानंतर खोकडाची. मार्चपासून दगडांवर शरड्यांचे नर गळ्याचा रंगीत पंखा उघडून बसतात. तो फोटो पोटावर झोपूनच मिळतो. धरणाचं पाणी उतरलं की गाळपेराच्या आणि बेटांच्या उघड्या जमिनीवर नदी सुरय, आर्ली, टिटवी अंडी घालतात.

टिटवीचं अंडं उंचावर असेल तर पाऊस चांगला, असं आपल्याकडे म्हणतात, म्हणून पुष्कळ लोक अंडी शोधायला जातात. शोधू नका. अंडी खड्यांसारखीच दिसतात, पायाखाली आल्यावरच कळतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की तुम्ही घरट्याजवळ आहात. आल्या पावली, त्याच ठशांवरून परत फिरा. अनुसूचीतल्या पक्ष्यांची अंडी किंवा घरटी छेडणं कायद्याने 'शिकार' या व्याख्येतच मोडतं.

जवळ जायचा नियम एकच: जनावराने चरणं थांबवलं की आपणही थांबायचं. काळविटाच्या कळपातल्या माद्या मान वर करून एकाच दिशेला बघतात. चिंकारा पुढचा पाय आपटतो आणि शिंकल्यासारखा आवाज काढतो. लांडगा चालता चालता दोनदा मागे वळून बघतो. यांतलं काही दिसलं की बसा. दहा मिनिटांनी ती पुन्हा चरायला लागली तर थोडं पुढे सरका, नाहीतर राहू द्या. सरळ चालत जाऊ नका, तिरकं जा. पाठलाग मोटारसायकलवरून तर मुळीच नको. कमी पाण्याच्या दिवसांत गाभण मादीला पळायला लावणं म्हणजे काय, ते तिच्या फेस सुटलेल्या तोंडावर दिसतं.

गाडी हे चांगलं लपण आहे. इंजिन बंद करा, खिडकीत ज्वारीची उशी ठेवा, आतच बसा. हरणं गाडीला फारसं भीत नाहीत, गाडीतून उतरणाऱ्या माणसाला भितात.

उन्हाळ्यात पाणवठ्यावर बसायचं असेल तर फार जपून. कोंबडी बांधून, मेलेलं जनावर टाकून, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून, रात्री टॉर्च मारून काढलेले फोटो मी बघितलेत. एकदा एका तलावाकाठी असा गट भेटला, तेव्हा त्यांच्याशी भांडलो. सहा जण एकाच पाणवठ्याला दिवसभर वेढून बसले होते आणि चिंकारे दुपारभर लांब हिवराखाली उभे होते. एका ठिकाणी एक माणूस, दोन तास, मग उठायचं.

आता कॅमेऱ्याबद्दल. आपल्याकडचा मोठा शत्रू म्हणजे झळ. थंडीत साडेनऊ आणि उन्हाळ्यात आठ वाजून गेले की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरायला लागते आणि दूरचं काहीही काढलं तरी ते पाण्यातून बघितल्यासारखं येतं. लाखाची लेन्स लावली तरी फरक पडत नाही. मी लेन्स दुरुस्तीला देऊन आलो होतो, दोष हवेचा होता. उपाय म्हणजे उजाडायच्या आधी जागेवर असणं.

उडत्या पक्ष्याला शटर १/१६०० च्या खाली नको, उभ्या हरणाला १/५०० पुरतं. काळवीट नराच्या काळ्या पाठीसोबत पांढरं पोट असतं. ते पांढरं जळू नये म्हणून एक्स्पोजर थोडं उणे ठेवा. भोवत्या आभाळात असेल तर एक अधिक. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये काढा. आणि नेहमी डोळ्याच्या उंचीला या, म्हणजे बसा किंवा झोपा. उभ्याने काढलेल्या फोटोत मागे नुसती माती येते.

सगळे फोटो जनावराच्या तोंडाचे नकोत. एक फोटो असा काढा, की त्यात जनावर लहान आणि माळ मोठा दिसेल, मागे पवनचक्की, विजेच्या तारा, ज्वारीचं रान, वाड्याची राहुटी जे असेल ते येऊ द्या. दहा वर्षांनी हाच फोटो कामाला येतो. माझ्याकडे २०१६ चा असा एक फोटो आहे. त्यातल्या गवताच्या जागी आज चर खणून लावलेली झाडं आहेत. हेतू चांगला होता, पण माळावरचं गवत काढून दाट झाडं लावली की माळाचं जनावर निघून जातं.

७. ठिकाण सांगू नका

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी मला खोकडाची ढोली सापडली. चार पिल्लं. संध्याकाळी आई आली की ती बाहेर येऊन एकमेकांच्या शेपट्या ओढायची. सहा दिवस मी दीडशे पावलांवर ओघळीत पडून राहिलो आणि आयुष्यातले सर्वांत चांगले फोटो मिळाले. ते टाकताना कौतुकाने खाली गावाचं आणि टेकडीचं नाव लिहिलं.

पुढच्या रविवारी तिथे मोटारसायकलींचे माग होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात गेलो तर ढोलीच्या एका तोंडात दगड कोंबलेले, दुसऱ्यापाशी धूर केल्याची राख. पिल्लांचं काय झालं ते कळलं नाही. दगड काढून मी तीन संध्याकाळ तिथे बसलो, कुणी आलं नाही. ती ढोली आजही रिकामी आहे.

म्हणून मी आता हे पाळतो, तुम्हीही पाळा:

- मोबाइलच्या कॅमेऱ्याची 'लोकेशन' सेटिंग बंद करा. नाहीतर फोटोच्या फाइलमध्येच जागेचे आकडे जातात आणि कुणीही ते वाचू शकतं.
- फोटोखाली फक्त जिल्हा लिहा. ओळखता येणारी टेकडी, मंदिर, पवनचक्की मागे असेल तर तो फोटो टाकूच नका.
- ढोली आणि घरट्याचा फोटो त्याच हंगामात टाकू नका. पिल्लं निघून गेल्यावर, पुढच्या वर्षी टाका.
- व्हॉट्सॲप ग्रुपवर "कुठे आहे?" असं विचारलं तर उत्तर देऊ नका, मग विचारणारा सख्खा मित्र का असेना. त्याला सोबत घेऊन जा, पण नकाशावरचा ठिपका पाठवू नका.

माळढोकाचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. सोलापूरच्या नान्नजला, म्हणजे तुळजापूरच्या पलीकडेच, त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आज देशभरात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरलेत आणि बहुतेक राजस्थानात आहेत. कधी असा पक्षी किंवा पावसाळ्यात तणमोर दिसला, तर एकच फोन करा, वनविभागाला. दुसरा कुणालाही नाही.

८. नोंद ठेवा

वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, किती, नर-मादी-पिल्लं, काय करत होती. काही दिसलं नाही तरी "काही नाही" असं लिहा. पक्ष्यांसाठी ई-बर्ड आणि बाकी सगळ्यांसाठी आय-नॅचरलिस्ट वापरा. आय-नॅचरलिस्टवर काही संकटग्रस्त प्रजातींची जागा आपोआप धूसर होते, पण सगळ्यांची नाही. लांडगा, खोकड, तरस टाकताना स्वतः 'अस्पष्ट' हा पर्याय निवडा. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. त्यात जुन्या माणसांसोबत एकदा जलाशयावर मोजणी केलीत तर वर्षभराचं शिक्षण एका सकाळीत होतं.

रस्त्यावर गाडीखाली आलेलं जनावर, तारांखाली मेलेला पक्षी, कठडा नसलेली विहीर यांचेही फोटो आणि जागा लिहून ठेवा. ही माहिती मात्र लपवायची नाही, ती रेंज ऑफिसला लेखी द्यायची.

९. अडचणीत सापडलेलं जनावर

उसाच्या तोडीत मांजरीएवढी पिल्लं सापडतात आणि गावात "बिबट्याची पिल्लं" म्हणून गर्दी होते. पुष्कळदा ती रानमांजराची असतात. कुणाचीही असोत, उचलू नका, दूध पाजू नका, सेल्फी नको. त्या भागातली तोड थांबवा, १९२६ वर कळवा, माणसं मागे घ्या. पिल्लं जागेवर राहिली तर बहुतेकदा रात्री आई येऊन नेते. ऊसतोड कामगारांना हे आधीच सांगून ठेवलं तर आणखी बरं. आपल्याच भागातली माणसं आहेत ती, ऐकतात.

विहिरीत पडलेल्या लांडग्याला किंवा बिबट्याला दोर टाकून ओढायला जाऊ नका. वनविभाग येईपर्यंत गर्दी पन्नास पावलं मागे ठेवणं हेच तुमचं काम. फोटो नंतर.

१०. ग्रामसभेत जा

फोटो साठले की भिंतीवर लावावेसे वाटतात. लावा, पण त्यांतले वीस निवडून मोठे प्रिंट काढा आणि आधी शाळेत, मग ग्रामसभेत दाखवा. आपल्या गायरानात चिंकारा आहे हे निम्म्या गावाला माहीत नसतं.

जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. बऱ्याच गावांत दोन्ही कागदावरच असतात. ग्रामसेवकाकडे नोंदवही बघायला मागा. त्यात तुमच्या माळावरचे प्राणी आहेत का बघा. नसतील तर फोटो आणि तारखा जोडून नोंद करायला लेखी सांगा. पुढे त्या गायरानावर काही बांधायचं निघालं तर 'इथे काहीच नाही' असं कुणाला सहज म्हणता येत नाही.

ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला असते. तुमचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर यायला हवा असेल तर पंधरा दिवस आधी सरपंचांच्या नावे अर्ज द्या. मागणी छोटी ठेवा. मी पहिल्या अर्जात आठ मागण्या लिहिल्या होत्या, आठही राहिल्या. पुढच्या वेळी दोनच लिहिल्या: फेब्रुवारीत वणवा लागू नये म्हणून गायरानाच्या कडेने जाळरेषा (आधीच गवत जाळून मोकळा केलेला पट्टा), आणि माळाला लागून असलेल्या दोन उघड्या विहिरींना कठडा. जाळरेषा त्याच वर्षी झाली. एका विहिरीला कठडा झाला, दुसरीचा पाठपुरावा चालू आहे.

अर्ज दोन प्रतींत न्या, आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या.